खेळांतील खरेपणा

संगणकावर घरबसल्या विमान चालविणारे आमचे एक स्नेही उड्डाणापेक्षां जमिनीवरील वळणांतच अधिक रमतात. बोइंग ७४७ चें पुढील चाक वैमानिकाच्या पुष्कळ मागें असतें; म्हणून स्वतः वळणाच्या पुढें गेल्यावरच तें वळवावें लागतें, एरवीं मागील चाकें गवतांत उतरतात. पण खेळांतल्या गवताची मातबरी ती काय? आम्हीं हंसलों. मग १९७७ सालचें टेनेरीफ आठवलें. एक ७४७ परवानगीवांचून उड्डाणास धावलें. दुसरें, सांगितलेलें तीव्र वळण मागें टाकून, धुक्यांत अजून धावपट्टीवरच होतें. ५८३ माणसें मेलीं. जेथें मरणारें कोणी नाहीं, पाहणाराहि नाहीं, तेथें पाळिलेला नियम ही नीति कीं नुसता छंद? आमचें मत नीतीकडे झुकतें. स्नेही मात्र एवढेंच म्हणतात कीं, खोटें वळलेलें विमान त्यांस पाहवत नाहीं.