ईश्वर, कादंबरीकार आणि वर्गणीदार

वाचनालयातून घरी आणलेल्या कादंबरीचे शेवटचे कोरे पान हे मराठी समीक्षेचे एक दुर्लक्षित दप्तर आहे, असे माझे पुष्कळ दिवसांचे मत आहे. मालाडला मामलेदारवाडीच्या बाजूस ज्या वाचनालयाचा मी वर्गणीदार आहे, तेथील प्रत्येक पुस्तकावर ‘या पुस्तकावर काही लिहू नये’ असा जांभळा शिक्का ठसठशीत मारलेला असूनही, वाचकांनी आपापले अभिप्राय पेन्सिलीने नोंदविण्याचा शिरस्ता कधी मोडलेला नाही. ‘फारच छान’, ‘वेळ फुकट’, ‘मध्ये कंटाळा, शेवट बरा’ असे हे अभिप्राय बहुधा असतात. परंतु एका कादंबरीच्या अखेरीस, ओळी सरळ राखण्याची सवय असलेल्या कोणा बाईंच्या वळणदार अक्षरात, ‘लेखकाने तिला मारायला नको होते’ एवढेच वाक्य मला आढळले, आणि त्याखाली दुसऱ्या हाताने, जरा घाईत, ‘मग काय करायला हवे होते?’ असा सवाल टाकलेला होता.

वरचे वाक्य भाबडे म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण नायिका मेली याबद्दल त्या वाचकाची तक्रार नाही. ती मारली गेली याबद्दल आहे. जे घडले ते तिच्या जीवितक्रमातून घडले नाही, वरून कोणीतरी घडवून आणले, असा हा आरोप आहे. आणि गंमत अशी की हीच फिर्याद प्रत्यक्ष जगत्कर्त्याविरुद्ध फार पूर्वी दाखल होऊन ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तिची रीतसर सुनावणी झालेली आहे. एकाला सुखात लोळवणारा आणि दुसऱ्याला दुःखात लोटणारा ईश्वर पक्षपाती ठरतो, आणि अखेर सर्वांचाच संहार करणारा म्हणून निर्दयही ठरतो, असे हे दोन आक्षेप. शास्त्रकारांनी त्यांना वैषम्य आणि नैर्घृण्य अशी नावे दिली. त्यावर सूत्रकारांचा बचाव असा की ईश्वर स्वैर नाही, सापेक्ष आहे. ज्याच्या त्याच्या धर्माधर्माच्या अपेक्षेनेच तो फळ देतो. शंकराचार्यांनी येथे पावसाचा दाखला दिला आहे. पाऊस भातावर आणि जवावर सारखाच पडतो. भात भात होतो आणि जव जव होतो तो आपापल्या बीजामुळे. तरीही फिर्यादी गप्प बसत नाही. सृष्टीच्या आरंभी जीवांची कर्मेच नव्हती, मग पहिली विषमता आली कोठून, असे तो विचारतो, आणि त्यावर उत्तर येते की संसाराला आरंभच नाही, तो अनादि आहे.

आनंदवर्धनाने कवीला काव्यसंसारातला प्रजापती म्हटले, त्या दिवसापासून हे आरोपपत्र कवीवर आणि पुढे ओघानेच कादंबरीकारावर लागू झाले, असे मी समजतो. मात्र कादंबरीकाराची बाजू ईश्वराहून लंगडी आहे. ईश्वराला ‘माझी सृष्टी अनादि आहे’ असे सांगता येते. कादंबरीकाराच्या सृष्टीचे पहिले पान पहिल्या आवृत्तीच्या सालासकट छापलेले असते. त्या पानाआधी त्याच्या पात्रांना जन्म नाही, संचित नाही, कुणाचे देणे नाही. जे काही आहे ते त्यानेच लिहून दिलेले. तेव्हा त्याची निर्दोष सुटका व्हायची तर एकच मार्ग उरतो: ज्या जगाला आरंभ आहे हे वाचक पक्के जाणतो, ते जग त्याला अनादि भासवून देणे. ज्या कादंबऱ्यांनी मला आनंद दिला त्यांना हे साधले आणि ज्यांनी निराश केले त्यांना साधले नाही, या एका मापाने मी माझ्या आवडीनिवडीची जमाबंदी केली आहे.

पहिली निराशा ‘ययाति’ची. 1959 साली आलेल्या आणि पुढे 1974 च्या ज्ञानपीठाला कारण झालेल्या या कादंबरीविषयी तक्रार करताना आजही आवाज आपोआप खाली येतो. वि. स. खांडेकरांची भाषा, देवयानीच्या अहंकाराचे त्यांनी केलेले चित्रण, शर्मिष्ठेचे सोसणे, यांत कमी कोठेच नाही. परंतु आधुनिक भोगासक्त माणसाचा प्रतिनिधी म्हणून ययाती घडवायचा, असे लेखकाने ठरविले की त्याच्या पतनाला त्याच्या स्वतःच्या कर्माची गरज उरत नाही. प्रबंधाची गरज पुरेशी होते. आणि कच! व्यासांच्या महाभारतात विद्या घेऊन, शाप देऊन-घेऊन निघून जाणारा हा तरुण येथे लेखकाचा मुखत्यार होऊन बसतो. ज्या सृष्टीत एक पात्र कधीच चुकत नाही तेथे वैषम्याचा आरोप शाबीत करायला वेगळा साक्षीदार लागत नाही.

‘मृत्युंजय’ने माझी निराशा वेगळ्या तऱ्हेने केली, आणि मालाडच्या त्या वाचनालयात हे मोठ्याने बोलण्याची सोय नाही, कारण तिची प्रत कपाटात क्वचितच सापडते. शिवाजी सावंतांनी 1967 साली, सत्ताविसाव्या वर्षी, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशा सहा जणांच्या जबानीतून ही कथा उभी केली. पण इतके साक्षीदार बोलूनही खटल्याचा निकाल पहिल्याच प्रकरणात लागलेला असतो. योगायोग असा की त्याच साली इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले आणि त्याच कर्णाला त्यांनी तराजूत घातले. द्यूतसभेत द्रौपदीविषयी तो जे बोलला ते बाईंनी त्याच्या खात्यावर ठेवले, कुंतीच्या नावे वळते केले नाही. मला ‘युगान्त’मधला कर्ण अधिक करुण वाटतो, कारण तो स्वतःच्या कृतीचा धनी आहे. महाभारत ही खरोखर अनादि वाटणारी जमीन. तिच्यावर मिरासदार एकटे व्यास, आणि मागाहून येणारा प्रत्येक कादंबरीकार उपरी. आपल्या आवडत्या पात्राला तेथे त्याने सारामाफी मिळवून द्यावी, हे मला मानवत नाही.

सोयीने मारण्याचा मासला पाहायचा तर आमच्या मालाडबाहेर जाण्याचे कारण नाही. हिमांशु राय यांनी 1934 साली येथेच बॉम्बे टॉकीज उभारली, आणि 1936 च्या ‘अछूत कन्या’त रेल्वे फाटकावरच्या रखवालदाराची अस्पृश्य मुलगी कस्तुरी अखेरीस आगगाडीखाली जाते. देविका राणींचा तो चेहरा विसरता येत नाही हे खरे. पण ब्राह्मण प्रतापचा आणि कस्तुरीचा विवाह का होऊ शकत नाही, हा जो प्रश्न चित्राने धैर्याने मांडला, तो एका इंजिनाने निकालात काढला, हेही खरे. त्या पेन्सिलवाल्या बाईंचे वाक्य येथे शब्दशः लागू पडते.

आता ज्यांत मृत्यू आहे, दारिद्र्य आहे, आणि तरीही लेखकाकडे बोट दाखवावेसे वाटत नाही अशा कादंबऱ्या. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली वऱ्हाडातली कौतिक शिंपीण संसार सावरण्यासाठी जितकी धडपडते तितकी खचत जाते, नवरा आळशी, पुढे महारोगी, पण तिच्या हालांत लेखकाची सोय मला कोठे दिसली नाही. तिच्या तोंडची वऱ्हाडी बोलीच अशी आहे की हे घर, ही गरिबी आणि हा हट्ट कादंबरी सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आला असावा.

सर्वांत अधिक मी परतून वाचली ती विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, 1939 सालची, एका बैठकीत संपणारी. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली हॅर्टा ही ज्यू तरुणी. प्रेमाला उसंत मिळते ती प्रवासापुरतीच. मुंबई येते, तो उतरतो, तिला उतरण्याची परवानगी नाही. तिचा अंत पुढे समुद्रात होतो. येथे तिला कोणी मारले? बेडेकरांनी नव्हे. तिच्या मागे जे उभे आहे ते पहिल्या पानावर जन्मलेले नाही. हॅर्टाच्या वंशाचे संचित शतकांचे आहे. उलट चक्रधराला आपण काहीतरी करू शकलो असतो हे कळते, आणि ते त्याने केले नाही हे त्याचे कर्म. सापेक्षता ती हीच. करुण वाचून आनंद कसा होतो या अभिनवगुप्तांच्या प्रश्नाशी मी पुष्कळदा झगडलो. ‘रणांगण’ मिटवताना एवढे जाणवते की दुःख होत असले तरी फसवणूक झालेली नाही.

वामन मल्हार जोश्यांच्या ‘सुशीलेचा देव’चा तर विषयच ईश्वर. 1930 साली, ज्या वर्षी ते मडगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, ही कादंबरी आली. सुशीलेच्या मनातला देव बालपणापासून टप्प्याटप्प्याने बदलत जातो, आणि कादंबरी म्हणून हे वाचताना चर्चेच्या गुऱ्हाळाने जीव मेटाकुटीस येतो, हे मी लपवीत नाही. पण ‘विश्ववृत्त’चे संपादक म्हणून सातवळेकरांच्या वैदिक प्रार्थनांवरील लेखापायी ज्यांनी तीन वर्षे तुरुंगवास सोसला, त्या गृहस्थाने आपल्या नायिकेला तयार देव दिला नाही, शोधू दिला, एवढ्यासाठी मी ती कंटाळवाणी पानेही सोसतो. कंटाळा हा दोष आहे, पक्षपात नव्हे.

राहता राहिली ‘कोसला’, आणि येथे माझे माप तोकडे पडते. नेमाड्यांनी 1963 साली, वयाच्या पंचविशीत लिहिलेल्या या कादंबरीत पांडुरंग सांगवीकराची धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते. त्या मुलीचे कर्म ते काय असणार? मागच्या जन्माचे म्हणावे तर ते कादंबरीत नाही, आणि पांडुरंगाला ते कुणी सांगितले असते तर त्याने ऐकून घेतले नसते. तो कळवळतो, घरच्यांवर, डॉक्टरांवर, अवघ्या व्यवस्थेवर संतापतो, आणि लेखक त्याला एका शब्दाचे सांत्वन देत नाही. सूत्रकारांनी दिलेला बचाव नेमाडे मागतच नाहीत. पहाटे उठून स्नानसंध्या करणारा, कर्मसिद्धान्त मानणारा मी. पण ती पाने वाचताना तो सिद्धान्त मला तहकूब ठेवावा लागतो, आणि पुन्हा कामकाजास कधी घ्यावा हे काही केल्या सुचत नाही.