सल्ला देणाऱ्याचं काय जातं?

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी श्रीवर्धनहून मावशीचा फोन आला. "तूच सांग रे ह्याला. ७८ टक्के पडलेत आणि म्हणतो आयटीआय करायचं." 'आयटीआय' म्हणताना तिचा आवाज खाली गेला. मग मावसभाऊ फोनवर आला. "दादा, मला इलेक्ट्रिशियन व्हायचंय. करू ना?"

मी पटकन म्हणालो, "सायन्स घे. पुढचं पुढे बघू."

फोन ठेवला आणि अस्वस्थ झालो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. अकरावीला मीही 'पुढचं पुढे बघू' म्हणूनच सायन्स घेतलं होतं. जो निर्णय मी स्वतः कधी विचार करून घेतला नाही, तोच त्याला सल्ला म्हणून दिला.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा मी लॉकडाऊनमुळे दिवेआगरला घरूनच काम करत होतो. वाडीतल्या सुपारी आडव्या झाल्या, विजेचे खांबही. कितीतरी दिवस अंधार. माझा लॅपटॉप आणि माझी डिग्री, दोन्ही बंद. वाट बघायचो ती लाइनमनची. खांबावर चढलेल्या पोराला आईने चहा दिला, हात जोडले. वीज आली. त्याचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

इथे श्रमाचे गोडवे गाऊन थांबणं सोपं आहे. पण चहासोबत मिळालेल्या मानाने पगार वाढत नाही, नोकरी कायम होत नाही. स्वतः एसीत बसून दुसऱ्याच्या पोराला खांबाचं मोठेपण सांगणं हाही खोटेपणाच. आणि घराच्या इज्जतीसाठी त्याची दोन वर्षं खर्ची घालणं? तेही तसंच. दोन्हीकडे किंमत तोच मोजणार, आपण नाही.

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापर्यंत मुलाचा हात धरतो. पुढे तो हात नातेवाइकांकडे येतो. तेव्हा आपण निदान पूर्ण माहिती तरी द्यायला हवी.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी परत फोन केला. सांगितलं: इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा. नंतर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात. दोन, दोन आणि तीन, अशी सात वर्षं. माझ्या वाटेने सहा लागली. फरक एका वर्षाचा, आणि हातात काम आधी येतं. पण जागा मर्यादित असतात, गणित मध्येच गाठतं, आणि कमवायला लागल्यावर परत शिकायला बसणं सगळ्यांना जमत नाही. सायन्स घेतलंस तर बारावीनंतर वाटा जास्त, पण नुसत्या बारावीवर हाताला काम नाही.

"मग मी काय करू?"

"ते तू ठरव. काल मी तुझ्यासाठी ठरवलं, ते चुकलं. आता मावशीला फोन दे."

तिच्याशी बोलताना मी 'आयटीआय' हा शब्द नेहमीच्या आवाजात उच्चारला. सोपं नव्हतं. माझाही आवाज पडतो, हे तेव्हा कळलं.