टायर बदलण्याआधी

गाडी सावलीत लावा. इंजिन बंद करा आणि सायलेन्सर निवेपर्यंत दुसरं काही करू नका. फोन बाजूला ठेवा. मग मागच्या चाकाशेजारी खाली बसा, मांडी घालून बसता आलं तर फारच छान. टायर बदलायला झालाय हे तुम्हाला कळलेलंच आहे. आता प्रश्न आहे तो नवा कोणता घ्यायचा, आणि मनात एकच शब्द घोळतो आहे: टिकाऊ. तो शब्द थोडा वेळ बाजूला राहू द्या.

समोरची गाडी जड आहे. उदाहरणाला रॉयल एनफिल्डची सुपर मेटिओर 650 घेऊ. नुसती गाडीच 241 किलोची. तिच्यावर तुम्ही, मागे जोडीदार, दोन्ही बाजूंच्या बॅगा, रेनकोट, पाण्याच्या बाटल्या. बेरीज चारशे किलोंपर्यंत सहज जाते आणि त्यातले अडीचशेच्या आसपास मागच्या चाकावर येतात. आता टायर जमिनीला टेकतो तिथे नजर न्या आणि अगदी त्याच्या शेजारी आपला तळवा जमिनीवर ठेवा. चाकात 36 पीएसआय हवा धरली, तर ढोबळ हिशेबाने टायरचा शंभर चौरस सेंटीमीटर भाग रस्त्याला लागलेला असतो. दहा सेंटीमीटर लांब, दहा रुंद. बोटं सोडून उरलेल्या तुमच्या तळव्याएवढाच, जेमतेम. पुढच्या चाकाचा त्याहूनही लहान. आंबोलीच्या घाटात जुलैमध्ये समोरून एसटी वळणावर येते आणि तुम्ही ब्रेक दाबता, तेव्हा मागे बसलेल्या माणसासकट सगळं काही एवढ्याशा जागेच्या भरवशावर असतं.

हात लगेच उचलू नका. ही जागा किती लहान आहे ते हाताला नीट कळू द्या.

आता जुना टायर वाचू या. तळवा रबरावरून आडवा फिरवा, एका बगलेकडून मधून दुसऱ्या बगलेकडे, सावकाश. वापरलेल्या वहाणेचा तळ पाहून माणसाची चाल ओळखता येते, तशी इथे तुमची चाल उमटलेली आहे. मध्ये सपाट पट्टा लागतो का? तो महामार्गाचा. पुणे–बंगळूर रस्त्यावर तासन्‌तास सरळ धावलेला टायर मध्ये झिजतो, त्याची गोलाई जाते आणि तो चौकोनी होतो. सपाट पट्टा संपून बगल सुरू होते तिथे एक कड तयार झालेली असते. ती बोटाला लागेल. वळणात गाडी घालताना ती आधी अडते आणि मग एकदम कलते, असं हल्ली वाटत असेल, तर कारण ही कड आहे. बगलेवरची नक्षी मात्र पुष्कळ शिल्लक दिसेल, आणि तीच फसवते. टायर अजून बराच आहे असं वाटायला लावते. नक्षीच्या खाचांच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात. मधली झीज त्यांच्या पातळीला आली की टायर संपला, बगल कितीही ताजी दिसो. गोटा होईपर्यंत वाट पाहायची नसते.

पुढच्या चाकाकडे या आणि बोट फिरण्याच्या दिशेने पुढेमागे फिरवा. लहानसे चढउतार लागले, तर कमी हवा, थकलेलं सस्पेन्शन किंवा वारंवार जोरात मारलेले ब्रेक यांतलं काहीतरी आहे. तसं असेल तर नवा टायरही त्याच वाटेने जाईल. बगलेवरच्या बारीक चिरा उन्हाच्या आणि वयाच्या. त्या किलोमीटर मोजत नाहीत.

आता बाजूला ठेवलेला शब्द घ्या. रबर रस्त्याला कसं धरतं हे एकदा मनापासून समजून घेतलं, की टिकाऊ म्हणजे काय ते आपोआप उलगडतं. डांबर वरून गुळगुळीत दिसलं तरी खडबडीत असतं. मऊ रबर त्या खडबडीत दबून शिरतं, आकार बदलतं, पुन्हा मूळ आकारावर येतं. या येण्याजाण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते आणि त्यातूनच पकड मिळते. रबराचे कण सुटतात तेही इथेच. म्हणजे धरणं आणि झिजणं ही एकाच ठिकाणी घडणारी गोष्ट आहे. कडक रबर खडबडीत कमी शिरतं, म्हणून जास्त चालतं. आणि गार, ओल्या रस्त्यावर त्याच कारणाने कमी धरतं. टायर बनवणाऱ्यांनी या पेचातून पुष्कळ वाटा काढल्या आहेत. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णतेने रबर पक्कं करण्याची रीत सापडली. पुढे कार्बन ब्लॅक मिसळल्याने रबर झिजेला टिकू लागलं, टायर काळा दिसतो तो त्यामुळेच. अलीकडे सिलिका मिसळून ओल्या रस्त्यावरची पकड वाढवतात. लांबच्या प्रवासासाठी मध्ये कडक आणि बगलांना मऊ अशा दोन रबरांचा टायर मिळतो. पेच सैल होतो, सुटत मात्र नाही.

तो सोडवायच्या हट्टाने माणसं कुठवर जातात ते पाहायचं असेल, तर होंडाच्या गोल्ड विंगकडे पाहा. 1975 पासून चालत आलेली ही प्रवासी मोटारसायकल. आजची 1833 सीसीची, सहा सिलिंडरांची, पेट्या-बॅगांसह चारशे किलोंच्या घरातली. एवढ्या वजनाखाली मागचा टायर लवकर संपतो. अमेरिकेत हजारो मैल सरळ रस्त्यांवर फिरणारे काही गोल्ड विंगवाले म्हणूनच मागच्या चाकाला चक्क मोटारीचा टायर चढवतात. तो कितीतरी जास्त चालतो, यात शंका नाही. पण मोटार वळताना कलत नाही, म्हणून तिच्या टायरचा माथा सपाट असतो. मोटारसायकल कलूनच वळते, म्हणून तिचा माथा गोल असतो. सपाट टायर कलल्यावर कडेवर उभा राहतो आणि रस्त्याला लागणारी ती जागा नेमकी वळणातच बदलते. शिवाय दोन्हींच्या रिमवर टायर बसायची कड सारखी घडवलेली नसते. तसं करणारे हौसेने आणि अनुभवाने बोलतात, त्यांचं ऐकावं; पण टायर कंपन्या याला स्पष्ट नकार देतात आणि मला तो नकार पूर्णपणे पटतो. जिथे वळणं आहेत तिथे गोलाई विकून किलोमीटर घ्यायचे नसतात.

आता डोळे मिटा आणि आपले रस्ते आठवा. नकाशावरचे नकोत, गेल्या वर्षात खरोखर गेलात ते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकीला बंद, म्हणजे तुमचे किलोमीटर जुन्या खंडाळ्याचे, कशेडी-कुंभार्लीचे, वरंधचे, तालुक्याच्या गावांमधल्या गतिरोधकांचे. यांतले किती ओले होते? मागे कुणी बसलेलं असताना किती? पहिल्या पावसात रस्त्यावरचं जुनं तेल वर येतं, तेव्हा तुम्ही घरी असता की घाटात? उत्तराची घाई नाही. मात्र ते प्रामाणिक असू द्या, कारण टायर त्याच उत्तराचा घ्यायचा आहे. हिवाळ्यात कन्याकुमारीपर्यंत सरळ जाऊन येणाऱ्याने कडक मध्याचा, लांब चालणारा टायर आनंदाने घ्यावा. जून ते सप्टेंबर सह्याद्री चढणाऱ्या-उतरणाऱ्याने ओल्या पकडीला पहिला मान द्यावा आणि किलोमीटर कमी पडले तर पडू द्यावेत. माझं मत इथे पक्कं आहे. दुकानात जो किलोमीटरचा आकडा सांगतात, तो दुसऱ्या कुणाच्या गाडीचा, दुसऱ्या कुणाच्या रस्त्याचा असतो.

डोळे उघडा आणि बगलेवरचं लिखाण वाचा. माप गाडीच्या पुस्तिकेतलंच हवं. रुंद टायरचा मोह सोडा. मापात ‘आर’ असेल तर रेडियल, ‘बी’ असेल तर पट्टा घातलेला बायस, नुसती आडवी रेघ असेल तर साधा बायस. पुढे-मागे यांची मनाने सरमिसळ करू नका. मग येतो भाराचा अंक. 71 म्हणजे 345 किलो, 66 म्हणजे 300. सामान बांधून, माणूस बसवून मागच्या चाकावर किती येतं याचा ढोबळ हिशेब मघाशी केलाच आहे. हा अंक पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी चालणार नाही, तो टायर कितीही स्वस्तात मिळो. शेवटी लंबगोल चौकटीतले चार आकडे शोधा. 2325 असेल तर 2025 सालचा तेविसावा आठवडा. दुकानाच्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेला टायर नवा नसतो, ताजा मागून घ्या. अशा वेळी भिडस्तपणा नको.

जरा वेळ या काळ्या वस्तूच्या मुळाकडेही लक्ष द्या. आपल्या दोडामार्ग तालुक्यातही आता रबराच्या बागा आहेत. झाड लावल्यावर सुमारे सात वर्षांनी त्याच्या सालीला पहिला तिरका काप देतात, तोही पहाटे, कारण गारव्यात चीक जास्त वाहतो. टायरमध्ये त्यातलं थोडं, कारखान्यात बनवलेलं रबर बरंच, आणि रबर चिरू नये म्हणून घातलेली रसायनं. झिजलेले कण पावसाबरोबर ओढ्यांत जातात. त्यांतल्या 6पीपीडी या रसायनापासून तयार होणारा एक पदार्थ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोहो सॅमन माशांना मारतो, हे 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. म्हणून टायर लांब चालावा ही इच्छा नुसती पैशांची नाही, ती योग्य इच्छा आहे. फक्त ती दुकानात फारशी पुरी होत नाही. ती पुरी होते रोजच्या वापरात, आणि सगळ्यात जास्त हवेत.

हवा कमी असली की बगल प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते, दुमडून तापते आणि ताप रबराला आतून खातो. जड गाडीला हे दुप्पट लागू. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढलं तर हवा साधारण दोन पीएसआयने वाढलेली दिसते, म्हणून पंपावर पोहोचून, गरम टायरवर काटा पाहण्यात अर्थ नाही. स्वतःचा गेज घ्या. सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. जोडीदार आणि सामान असेल तेव्हाचा आकडा पुस्तिकेत वेगळा दिलेला असतो, तो गेजच्या डबीवर लिहून ठेवा.

आता उठा आणि दुकानात जा. टायर बसवल्यावर बॅलन्सिंग करून घ्या, व्हॉल्वही नवाच टाकायला सांगा. साच्यातून आलेल्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि तो उघडायला वेळ लागतो. तेव्हा पहिले दीडशे किलोमीटर एकटेच चालवा, कोरड्या रस्त्यावर, हळूहळू जास्त कलत. मागे कुणाला बसवायचं ते त्यानंतर.