शरणपूर रोडचा पत्ता

भाऊंचं नाशिकच्या शरणपूर रोडवर तीस वर्षांपासून हार्डवेअरचं दुकान. घर नदीपल्याड, पंचवटीत. काळारामाचं दर्शन घेतल्याशिवाय त्यांनी कधी शटर उघडलं नाही.

लेक पुण्याला नोकरीला. दिवाळीत घरी आली आणि म्हणाली, "भाऊ, मी लग्न ठरवलंय. मुलगा केनियाचा आहे, मोंबासाचा."

"गुजराथी?"

"नाही. आफ्रिकन."

भाऊंनी फराळाची बशी खाली ठेवली. "अगं, आपल्यात पोरं संपली का? चार लोकांत काय तोंड दाखवू? निदान रंग तरी बघायचास!"

"तुम्ही रोज ज्याच्यापुढे हात जोडता, त्याचा रंग कोणता?"

"देवाची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? त्याच देवाच्या दारात २ मार्च १९३० ला बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हाही दार लावूनच घेतलं होतं ना आपण?"

विशेष विवाह कायद्याखाली नोटीस देऊन तीस दिवसांनी तिला सही करता आली असती. पण तिला वडिलांच्या हातच्या अक्षता हव्या होत्या. अखेर भाऊ म्हणाले, "आण त्याला. पण घरी नको, दुकानावर आण." गल्लीला दिसायला नको, हे ते बोलले नाहीत. तिला कळलं.

मुलगा आला. दुकानाच्या पाटीवरचा पत्ता तिने वाचून दाखवला. "शरणपूर" ऐकताच तो पायरीवरच थांबला. मग तो सांगत गेला आणि ती मराठीत उलगडत गेली.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या आरमाराने अरबी गलबतांवरून सोडवलेले गुलाम मुंबईला उतरवले जात. त्यांतल्या कित्येक पोरांना नाशिकजवळच्या मिशनने आसरा दिला, अक्षरं शिकवली, सुतारकाम-लोहारकाम शिकवलं. ती वस्ती म्हणजे शरणपूर. तिथेच शिकलेल्या जेकब वेनराइटने १८७३ साली आफ्रिकेच्या जंगलात शोधप्रवासी लिव्हिंगस्टनच्या मृत्यूची नोंद झाडावर कोरली, आणि पुढे तो त्या मृतदेहासोबत लंडनपर्यंत गेला. पुढे शरणपूरचे बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउनला जाऊन वसले. मुलाचं घर तिथलंच. त्याच्या घराण्याचा मूळपुरुष सुतारकाम शिकला होता नाशकात.

भाऊ तीस वर्षं बिलावर तोच पत्ता छापत होते. कुणी कुणाला शरण आलं होतं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

त्यांनी शटर ओढलं. "चला, चहा घरी घेऊ." तिघं रिक्षाने पंचवटी कारंजापर्यंत आले आणि तिथून गल्लीतून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पायी घरी गेले.

आजी ओट्यावर बसली होती. भाऊंनी तिला सगळं सांगितलं.

"मग पाव्हणा कशाला म्हणतोस? नाशिकचाच की!" आजी हसली. मग लेकाकडे बघून म्हणाली, "आणि नसता निघाला नाशिकचा, तर पोरीने निवडलेला माणूस दुकानाच्या पायरीवरूनच परत धाडला असतास?"

भाऊंकडे उत्तर नव्हतं. ते आत गेले आणि त्यांनी स्वतः पाण्याचा तांब्या बाहेर आणला.

तात्पर्य: नात्याचा पुरावा मागून उघडलेलं दार अर्धंच उघडं असतं. माणूस आलाय, एवढं कळलं की दार पूर्ण उघडावं.