गंगा घरोघरी येते तेव्हा

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे बोधवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी' असे आहे. 1989 मध्ये हे विद्यापीठ स्थापन झाले, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले, आणि ज्यांना महाविद्यालयाची पायरी चढता आली नव्हती त्यांच्या उंबऱ्याशी शिक्षण नेण्याचा मोठा उद्योग सुरू झाला. गोदावरीला सरसकट गंगाच म्हणणाऱ्या जिल्ह्यात हे वाक्य सुचावे हे स्वाभाविकच. पण विद्यापीठ आहे गंगापूर धरणाच्या परिसरात, आणि तिथून नदीच्या ओघाने खाली आले, नाशिक शहर मागे टाकले, की निफाड तालुक्यात सायखेडा लागते. सायखेड्यात गंगा घरोघरी येणे याचा अर्थ वेगळा आहे. धरणाचा विसर्ग वाढला की सायखेडा आणि पलीकडचे चांदोरी यांच्यात पाणी पसरते, पूल बुडतो, पेठेतल्या दुकानांत पाणी शिरते. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये हेच झाले. पुरात घरभर पाणी असते आणि पिण्याजोगे तेवढे नसते, हे अशा गावाला कुणी शिकवावे लागत नाही. उच्च शिक्षणात मोबाइल आणि इंटरनेट यांनी जे घडवले आहे ते पाटाचे पाणी आहे की पुराचे, हा प्रश्न म्हणूनच सायखेड्यातून विचारण्यासारखा आहे. तो वरवर यंत्राविषयीचा दिसतो, पण खरा प्रश्न जुना आहे. ऐकलेली गोष्ट कळलेली गोष्ट केव्हा होते?

जे बदलले ते थोडक्यात असे. 2017 मध्ये केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ आले. 2020 च्या टाळेबंदीने प्रत्येक महाविद्यालयाला पडद्यावर आणले. 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून पुरे करण्याची मुभा दिली. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आले आणि नुसते ऐकणे-वाचणेच नव्हे, तर लिहिणेही यंत्राकडे सोपवता येऊ लागले. यातला लाभ नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने सायखेड्यातल्या मुलीला घरबसल्या, फुकट, हवी तितक्या वेळा ऐकता येतात. तिच्या आजीला शेजारच्या गावची शाळासुद्धा लांब होती. अडचण पाण्याच्या तुटवड्याची होती तोवर भगीरथाची स्तुती पुरेशी होती. आता अडचण निराळी आहे.

दुसऱ्याच्या शब्दावरून होणारे ज्ञान खरे ज्ञान मानायचे का, यावर भारतीय दर्शनांत शतकानुशतके वाद झाला. बौद्धांनी आणि वैशेषिकांनी त्याला स्वतंत्र प्रमाण मानले नाही. नैयायिकांनी मानले, प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या पंक्तीला त्यांनी शब्द बसवला. मात्र एक अट घातली. तो शब्द आप्ताचा हवा. इथे आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन सांगतो की आप्त म्हणजे ज्याला ती वस्तू स्वतः साक्षात कळली आहे आणि जशी कळली तशीच ती दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो. आणि पुढे तो जे म्हणतो ते आजही चकित करणारे आहे: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखेच लागू पडते. जन्म, जात, पदवी यांचा आप्तपणाशी संबंध नाही. संबंध आहे तो दोनच गोष्टींशी, कळलेले असणे आणि खरे सांगण्याची इच्छा असणे. मराठी गद्याचा आरंभच या कसोटीने झाला आहे. चक्रधरांच्या लीळा गोळा करताना म्हाइंभट ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्यापर्यंत गेला, त्यांना विचारले, आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. 'लीळाचरित्र' भक्तीतून जन्मले हे खरेच, पण त्या भक्तीने 'कोणी सांगितले?' हा प्रश्न सोडला नाही.

हा प्रश्न आजच्या विद्यार्थ्याच्या हातातल्या यंत्राला विचारून पाहावा. कोणत्याही विषयावर ते यंत्र सुबक परिच्छेद लिहून देते. त्यातले पुष्कळसे बरोबरही असते. पण त्या यंत्राला ती वस्तू कधी दिसलेली नाही, आणि खरे सांगावे अशी त्याची इच्छाही नाही. खोटे सांगावे अशीही नाही. असंख्य माणसांच्या लिखाणातून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव आहे हे त्याने उचललेले आहे. म्हणून ते जितक्या सहज खरा संदर्भ देते तितक्याच सहज अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचे नाव, प्रकाशनवर्षासह, देते. नैयायिकांच्या भाषेत त्याचा शब्द आप्तवाक्य ठरत नाही, मग तो कितीही वेळा बरोबर निघो. पुस्तकालाही डोळे नसतात असे कोणी म्हणेल. नसतात, पण पुस्तकाला लेखक असतो, त्याला चूक दाखवता येते, पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली का हे पाहता येते. यंत्राच्या उत्तरामागे असा कोणी उभा नाही. खरे तर ही सवय यंत्राच्या आधीच लागली होती. परीक्षेच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नोट्सच्या पीडीएफवर लिहिणाऱ्याचे नाव नसते आणि कोणाला ते हवेही नसते.

तरीही एक पुरावा या युक्तिवादाच्या विरुद्ध जातो असे वाटेल, आणि तो सायखेड्याच्या शिवारातच आहे. निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार हा महाराष्ट्रातल्या सर्वांत वाकबगार डिजिटल विद्यार्थ्यांपैकी एक आहे. गोडी छाटणी कधी धरायची, ढगाळ हवेत डावणीसाठी कोणती फवारणी घ्यायची, भुरी दिसू लागली तर काय करायचे, हे तो व्हॉट्सॲपच्या गटांवर आणि यूट्यूबवर शिकतो. सांगणारा त्याने कधी पाहिलेला नसतो. आणि तरी तो शिकतो, चांगला शिकतो. ते कसे? याचेही उत्तर वात्स्यायनाने भाष्याच्या पहिल्याच वाक्यात देऊन ठेवले आहे: ज्ञान खरे होते की नाही हे त्यावर केलेली प्रवृत्ती सफल होते की नाही यावरून कळते. मृगजळाकडे धावलेल्या माणसाची तहान भागत नाही. बागेत चुकीचा सल्ला मानला तर घड कुजतो, आणि त्या कुजलेल्या घडाशी हुज्जत घालता येत नाही. पुढच्या वेळी कोणत्या गटावर विश्वास ठेवायचा हे बागायतदाराला पक्के कळते, कारण चुकीची किंमत त्याने स्वतः मोजलेली असते. त्याच्यापाशी आप्त नसेलही. बाग आहे, आणि ती रोज सकाळी त्याची परीक्षा घेते.

आता त्याच घरातली मुलगी घेऊ. ती इतिहास किंवा अर्थशास्त्र घेऊन पदवीला आहे. तीही त्याच मोबाइलवर शिकते. तिच्या विषयाला बाग नाही. पेशवाईच्या कर्जबाजारीपणाविषयी तिने चुकीचे काही उचलले तर कोणताही घड कुजत नाही. परीक्षकानेही तीच पीडीएफ वाचली असेल तर गुणही जात नाहीत. बाप आणि मुलगी यांच्यात फरक तंत्राचा नाही, दोघांचे ॲप एकच आहे. फरक असा की वडिलांच्या चुकीला नकार देणारे काहीतरी जगात आहे आणि मुलीच्या चुकीला ते मुद्दाम उभे करावे लागते. महाविद्यालय हे त्या मुद्दाम उभ्या केलेल्या नकाराचे नाव आहे असे मला वाटते. माहिती पुरवणे हे त्याचे काम होते तोवर तंत्राने त्याला मागे टाकणे अटळ होते, आणि टाकलेही. पण 'हे तुला कशावरून वाटले?' असे तोंडावर विचारणारा माणूस, पटल्याशिवाय मान न डोलावणारा, हा अजून कोणत्याही वर्गणीत मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो सामाजिक आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. माणसाला असे मध्ये बसवले की तो दारही अडवतो. गुरूच्या नावाने या देशात बहुसंख्यांना ज्ञानाबाहेर ठेवले. एकलव्याने गुरूच्या पुतळ्यासमोर शिकून दाखवले तेव्हा जिवंत गुरूने अंगठा मागितला. यंत्र निदान जात विचारत नाही, मुलीला घरी लवकर पोहोचायचे आहे म्हणून हसत नाही. हे सारे खरे आहे, आणि गुरुकुलाच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांनी एकलव्याच्या हाताकडे आधी पाहावे. पण परंपरेतच या आक्षेपाचे दुसरे उत्तरही आहे. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह झाला तो स्वप्नात. स्वतः तुकोबांना बाबाजींचा उपदेश झाला तोही स्वप्नातच. स्त्रीला आणि शूद्राला समोरचा गुरू मिळणे जिथे दुरापास्त, तिथे दूरचा गुरू वारकऱ्यांनी निःशंक मान्य केला. म्हणजे समोर बसणे ही अट नव्हतीच. मात्र बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांत त्या शिकवणीची परीक्षा पानोपानी चाललेली दिसते, घरात, नवऱ्याच्या रागात, लोकांच्या बोलण्यात. गुरू दूर होता, पण कस लावणारे जग जवळच होते. मुक्त विद्यापीठाने दूरशिक्षणाबरोबर अभ्यासकेंद्रे आणि संपर्कसत्रे ठेवली, त्यामागची जाणीव याच जातीची होती.

दुसरा आक्षेप असा की ही कुरकुर प्रत्येक नव्या साधनाच्या वेळी झाली आहे. प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये सॉक्रेटिस लेखनकलेलाच दोष देतो: लिहिलेल्याला प्रश्न विचारला तर ते तेच ते पुन्हा सांगते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी छापखाना काढला तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील पोथीला शिवेनात. त्यांनी तुपाची शाई करून तो वाद मिटवला. मग आजची काळजी ही नव्या शाईची भीतीच कशावरून नाही? असेलही थोडी. आणि कबूल करावे की घोकंपट्टी यंत्राने आणलेली नाही. अर्थाकडे न पाहता सात दिवसांत पोथी संपवणे आणि दुप्पट वेगाने लेक्चर संपवणे, यांत पुण्याच्या हिशेबाखेरीज मोठा फरक नाही. पण सॉक्रेटिसाची तक्रार नीट ऐकली तर ती खोटी ठरली असे म्हणवत नाही. छापील पुस्तक आल्यावर आपण त्याच्याभोवती वर्ग, वादसभा, तोंडी परीक्षा, टीकाकार, समीक्षा असे कितीतरी उभे केले, ते पुस्तक स्वतः उलट प्रश्न विचारत नाही म्हणूनच. नव्या साधनाभोवती असे काही उभे राहण्याआधीच जुने मोडीत काढण्याची घाई चालली आहे.

समाजमाध्यमांचे गट हाच नवा सत्संग, असेही म्हटले जाते. कीर्तनाला बसलेला टाळकरी पाहिला तर फरक दिसतो. कीर्तनकाराने चरण चुकवला तर मागचा म्हातारा विणेकरी तो धरून देतो, कारण अभंग त्याला पाठ आहे. परीक्षेच्या तयारीच्या गटात सगळे एकाच पायरीवरचे. चूक कोणी धरत नाही, ती फक्त पुढे पाठवली जाते.

प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू हाती समिधा घेऊन पिप्पलादाकडे येतात. तो त्यांना उत्तर देत नाही. आणखी एक वर्ष इथे राहा, मग काय विचारायचे ते विचारा, असे सांगतो. आणि त्यापुढे एक वाक्य जोडतो, की आम्हाला माहीत असेल तर सारे सांगू. वर्षभरात त्या सहाजणांचे काय झाले याविषयी उपनिषद गप्प आहे. पण वर्षाअखेर ते एकेक करून जे प्रश्न विचारतात ते इतके नेमके आहेत, आणि एकाचा दुसऱ्याशी इतका धागा जुळलेला आहे, की पहिल्या दिवशी ते तसेच विचारले गेले असते असे वाटत नाही. शेवटचा, सुकेशा, तर सांगतो की हाच प्रश्न त्याला एका राजपुत्राने विचारला होता आणि मला माहीत नाही असे त्याने त्याला उत्तर दिले होते. माहीत असते तर कसे सांगितले नसते, खोटे सांगणारा मुळापासून सुकतो, असेही त्याने राजपुत्राला म्हटले होते. राजपुत्र काही न बोलता रथात बसून निघून गेला, आणि सुकेशा तो प्रश्न घेऊन पिप्पलादापर्यंत आला.