‘चालत नाही’ आणि ‘परवडत नाही’

आपल्या घरांतून मुलांना नकार देण्याचे दोन प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. एक, ‘परवडत नाही’. दुसरा, ‘अपने में चलता नहीं’. पहिल्यामागे खिशाची अडचण असते, दुसऱ्यामागे दीनची आज्ञा असल्याचे मानले जाते. पहिला नकार उच्चारताना बापाची मान खाली जाते; दुसरा उच्चारताना ती ताठ राहते. त्यामुळे पहिल्याच्या जागी दुसरा वापरण्याचा मोह होतो. हा मोह समजण्यासारखा आहे. पण तो निर्दोष आहे का? जे आपल्याला परवडत नाही, ते धर्मात बसत नाही असे मुलाला सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हा प्रश्न माझ्यासमोर आला तो एका गिटारमुळे. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याला आमच्या जुन्या घराचे पत्रे बदलायला काढले, तेव्हा माळ्यावरून बाजरीच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेली एक इलेक्ट्रिक गिटार खाली आली. शिकाऊ पोरांसाठी बनवलेली, कोलकात्याची, स्वस्तातली. पुण्याच्या जुन्या बाजारातून मी ती आणली, तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. गावात तोवर वाद्य म्हणजे वरातीतला बेंजो आणि भजनातली पेटी. त्यामुळे लोक हिला ‘लांब बेंजो’ म्हणत. गिटारचे वेड अर्थात सिनेमाने लावलेले. ‘यादों की बारात’ 1973 साली आला आणि पुढे कितीतरी वर्षे तालुक्याच्या टॉकीजमधून, तंबूतून फिरत राहिला. माझ्यासारख्या अनेकांनी गिटार पहिल्यांदा पाहिली ती पडद्यावरच.

माझे शिक्षण दोन पावसाळे टिकले. मग एके दिवशी अब्बा म्हणाले, “हराम है रे, रख दे.” गिटार माळ्यावर गेली.

आता अब्बांविषयी थोडे सांगायला हवे. ते पाच वेळचे नमाजी. पण उरुसाच्या रात्री कव्वालीला बसले की फजरच्या अजानपर्यंत उठत नसत. घरातला रेडिओ त्यांच्याच उशाशी असे. तेव्हा ‘हराम’ हा शब्द त्यांच्या तोंडी संगीताविषयी नव्हता. तो कशाविषयी होता, हे गिटारची रचना पाहिली की कळते. सतारीला भोपळा असतो, साध्या गिटारला पोकळ पोट असते. तारेचा आवाज तिथे घुमतो. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे भरीव लाकडी फळी. तिच्या तारांखाली लोहचुंबक असतो, त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो. तो मोठा करायला ॲम्प्लिफायर लागतो. तो नसेल तर गिटार वाजते, पण वाजवणाऱ्यापुरतीच. ॲम्प्लिफायरची किंमत आमच्या घराच्या कित्येक महिन्यांच्या किराण्याएवढी होती. त्यात मी बारावीला. मशिदीबाहेर कोणीतरी “मियाँ, तुमचा मुलगा वरातीत जाणार काय?” असे विचारलेले. पैसा, परीक्षा आणि अब्रू ही अब्बांची खरी तीन कारणे. शब्द मात्र त्यांनी चौथाच वापरला.

वाद्यांविषयी इस्लामची भूमिका काय, यावर आपल्याकडे अज्ञानाची उणीव नाही. चारही मजहबांतील बहुसंख्य उलमा वाद्यांच्या बाबतीत कडक आहेत, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण वाद झालेलाच नाही असे नाही. अंदलुसच्या इब्न हज्म यांनी, म्हणजे अकराव्या शतकातच, मनाईसाठी पुढे केल्या जाणाऱ्या रिवायती कसोटीला उतरत नाहीत असे मत मांडले. इमाम गजाली यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये समावर एक संपूर्ण भाग लिहिला. गाणे ऐकणाऱ्याची मनःस्थिती, संगत, गाण्याचा आशय असा एकेक धागा त्यांनी सोडवला. तंतुवाद्यांना त्यांनीही मनाई केली. पण का, ते सांगितले. त्या काळी ही वाद्ये मद्यपींच्या बैठकीची ओळख होती. ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरी गाणाऱ्या दोन मुलींना हजरत अबू बकर रागावले, तेव्हा पैगंबरांनी त्यांना गाऊ द्यायला सांगितले, ही हदीस बुखारीत आहे.

मला इथे निकाल द्यायचा नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की ज्यांनी मनाई केली त्यांनी अभ्यास करून केली, आणि कारण देऊन केली. असा अभ्यास करून कोणी बाप वाद्य नको म्हणत असेल, तर त्याच्या श्रद्धेचा आदर केला पाहिजे. पण परवडत नाही म्हणून जो हराम म्हणतो, तो या थोर परंपरेत बसत नाही. सूरह नहलमध्ये स्पष्ट ताकीद आहे: हे हलाल, ते हराम असे आपल्याच जिभेने ठरवून ते अल्लाहच्या नावावर घालू नका. ही ताकीद हराम गोष्टीला हलाल म्हणणाऱ्यालाच आहे असे आपण समजतो. उलटे करणाऱ्यालाही ती तेवढीच लागू आहे.

आपल्या मातीतला व्यवहार तर आणखी वेगळे सांगतो. मिरजेत तलवारी-भाले घडवणाऱ्या शिकलगारांच्या हातांना एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम उरले नाही, तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर तंबोरे आणि सतारी बनवू लागले. त्या वाद्यांचे भोपळे पिकतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, आमच्या उजनीच्या खालच्या अंगाला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेब 1937 पासून विसावले आहेत आणि उरुसात तिथे गाण्याची सभा भरते. बार्शीचे अमर शेख संयुक्त महाराष्ट्रासाठी डफ घेऊन उभे राहिले. त्या डफाचे नाव अरबी ‘दफ’च. गिटारही आपण समजतो तितकी परकी नाही. तिच्या नावाची वाट ग्रीकांकडून अरबांच्या ‘कीथारा’वरून स्पेनला जाते.

इथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. गरीब बापाने दुसरे काय करायचे? ‘पैसे नाहीत’ हे ऐकून मुलगा खट्टू होतो, सोबत्यांत कमीपणा मानतो, कधी बापावरच चिडतो. ‘अल्लाहला आवडत नाही’ म्हटले की तो निमूट ऐकतो. नकार तोच, पण दुःख कमी. मग हा खोटेपणा की माया?

मला ती मायाच वाटते. पण या मायेची किंमत दोन ठिकाणी चुकवावी लागते. पहिली, मुलाच्या मनात. आपल्या बोटांना जो आनंद होतो तो अल्लाहला खपत नाही, असे त्याला वाटू लागते. गरिबी पुढेमागे फिटते. हा समज फिटत नाही. पगार सुरू झाला तरी हात माळ्याकडे जात नाही. दुसरी किंमत समाज चुकवतो. आपण अडचणीला धर्माचे नाव दिले की अडचणीविषयी बोलणे बंद होते. शाळा लांब आहे, एसटी वेळेवर नाही, फी जास्त आहे, वाटेत मुलीची काळजी वाटते. हे सगळे ‘अपने में लडकियों को इतना पढाते नहीं’ या एका वाक्याखाली गाडले जाते. मग बाहेरचा माणूसही तेच उचलतो आणि म्हणतो, यांचा धर्मच आडवा येतो. नोव्हेंबर 2006 मध्ये सच्चर समितीने अहवाल दिला, तेव्हा मुस्लिमांच्या शैक्षणिक मागासपणामागे धार्मिक कडवेपणा आहे ही समजूत तिने नाकारली. गरिबी आणि जवळपास शाळा नसणे ही कारणे पुढे ठेवली. शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी साधारण 3 टक्केच मदरशात जातात, हेही तिने दाखवले. जी गोष्ट समितीला आकड्यांनी सिद्ध करावी लागली, ती आपल्याला घरात ठाऊकच होती. आपण ती वेगळ्या शब्दांत सांगत होतो, एवढेच.

गिटारच्या खुंट्या गंजल्या होत्या, घोडी सैल झाली होती, पण दांडी सरळ होती. इंदापुरातून तारा मागवून चढवल्या. ॲम्प्लिफायर अजूनही नाही. रात्री घर निजल्यावर वाजवली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही, आणि शिकण्यापुरता तेवढा आवाज पुरतो. पहिला धडा तेव्हाही या आवाजात होऊ शकत होता आणि घराचा किराणाही वाचला असता. ‘परवडत नाही’ असे अब्बा म्हणाले असते, तर हा मार्ग आम्ही दोघांनी मिळून शोधला असता. परवडत नाही या वाक्यावर बोलणे पुढे चालू राहते. कमी कसे करता येईल, थांबता येईल का, कोणाकडून मागता येईल का, असे प्रश्न निघतात. हराम या शब्दावर बोलणे संपते.

परवा धाकट्या पुतणीने त्या गिटारकडे बोट दाखवून विचारले, “चाचा, अपने में चलता क्या?” तिला मी गजालींचे मत सांगितले, इब्न हज्म यांचेही सांगितले, ती नववीत आहे, तिला कळते. बहुसंख्य उलमा नको म्हणतात हेही लपवले नाही. तारांचा संच केवढ्याला पडतो तेही सांगितले. निर्णय तिने तिच्या आई-बापाशी बोलून घ्यावा.

आपल्या पुढच्या पिढीला आपण फार मोठा वारसा देऊ शकू असे नाही. पण नकाराचे खरे कारण देऊ शकतो. पैसे नसतील तर पैसे नाहीत म्हणावे. भीती वाटत असेल तर भीती वाटते म्हणावे. लोक काय म्हणतील याची धास्ती असेल तर तीही बोलून दाखवावी. त्यात बापपण कमी होत नाही. आणि अल्लाहचे नाव, जिथे खरोखर त्याचीच आज्ञा आहे तिथेच घ्यावे.