पगारी खेळाडू, स्वेच्छेचा सैनिक

मराठीत ‘व्यावसायिक’ आणि ‘धंदेवाईक’ हे शब्द अर्थाने एकमेकांच्या अगदी जवळ असले, तरी पहिल्यात कौशल्याविषयीचा आदर असतो आणि दुसऱ्यात पैशासाठी राबणाऱ्याविषयीचा तुच्छभाव. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटनमध्ये पगार घेऊन फुटबॉल खेळणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे दोन्ही भाव एकाच वेळी येत: शनिवारी दुपारी गिरणीकामगार त्याला डोक्यावर घेत, आणि हौसेखातर खेळणारा उच्चभ्रू वर्ग त्याच खेळाडूला भाडोत्री समजे.

जिमी स्पीअर्स हा अशा पगारी खेळाडूंपैकी एक होता. त्याचा जन्म 1886 मध्ये ग्लासगोच्या गोव्हन भागात झाला. रेंजर्स आणि क्लाइड या स्कॉटिश संघांकडून खेळल्यावर आणि 1908 मध्ये वेल्सविरुद्ध स्कॉटलंडचे एकदा प्रतिनिधित्व केल्यावर, 1909 मध्ये तो यॉर्कशरमधील लोकरीच्या गिरण्यांचे शहर असलेल्या ब्रॅडफर्डच्या ‘ब्रॅडफर्ड सिटी’ संघात आला. एफए कप, म्हणजे इंग्लंडमधील बाद पद्धतीने खेळली जाणारी सर्वांत जुनी स्पर्धा, या संघाने 1911 मध्ये जिंकली. पहिला अंतिम सामना गोलशून्य राहिल्याने 26 एप्रिलला मँचेस्टरला फेरसामना झाला आणि कर्णधार स्पीअर्सने डोक्याने मारलेल्या एकमेव गोलवर त्याचा निकाल लागला. त्या संघातील अकरापैकी आठ जण स्कॉटिश होते. त्या वर्षीचा नवा चषकही योगायोगाने ब्रॅडफर्डच्याच जवाहिऱ्यांनी घडवलेला होता.

या कीर्तीमागची आर्थिक व्यवस्था मात्र विलक्षण होती. इंग्लंडमध्ये 1901 पासून खेळाडूच्या आठवड्याच्या पगारावर चार पौंडांची कमाल मर्यादा होती, ती पुढे पाच पौंडांपर्यंत वाढली; शिवाय करार संपल्यानंतरही संघाच्या संमतीवाचून खेळाडूला दुसऱ्या संघात जाता येत नसे. 1912 मध्ये लीड्स सिटीने स्पीअर्ससाठी 1,400 पौंड मोजले, ते ब्रॅडफर्डच्या संघाला. हाच लीड्स सिटी 1919 मध्ये युद्धकाळातील बेकायदा मानधनाच्या आरोपावरून बरखास्त झाला आणि त्याच्या खेळाडूंचा शहरातील एका हॉटेलात लिलाव करण्यात आला. आयपीएलमुळे खेळाडूंचा लिलाव मराठी वाचकाला नवा राहिलेला नाही. पण तेथे बोलीची रक्कम खेळाडूचे मानधन ठरते, लीड्समध्ये मात्र माणसाची किंमत माणसाखेरीज इतरांना मिळत होती.

अशा बांधलेल्या माणसांवर 1914 च्या शरद ऋतूत देशद्रोहाचा ठपका आला. युद्ध सुरू होऊनही लीगचे सामने चालूच राहिल्याने इतिहासकार ए. एफ. पोलार्ड यांनी ‘द टाइम्स’ला पत्र लिहून, खेळाडूला पगार देणारा प्रत्येक संघ त्याला सैन्यापासून दूर राहण्यासाठी लाचच देत आहे, असा आरोप केला. एडिनबरोच्या ‘हार्ट्स’ संघाचे अकरा खेळाडू नोव्हेंबरमध्ये एकदम भरती झाले. त्या वेळी लीगमध्ये अग्रस्थानी असलेला हा संघ अखेरीस सेल्टिक संघाच्या मागे राहिला आणि पुढे त्याचे सात खेळाडू युद्धात मारले गेले. टीकाकारांनी आपले आरोप त्यानंतर परत घेतले असते, तर ते शोभून दिसले असते.

स्पीअर्स मे 1915 मध्ये, हंगाम संपल्यानंतर, क्वीन्स ओन कॅमरन हायलँडर्स या रेजिमेंटमध्ये दाखल झाला. सक्तीची भरती तोवर सुरू झाली नव्हती. जानेवारी 1916 च्या कायद्यानेही ती आरंभी अविवाहित पुरुष आणि मुले नसलेले विधुर यांच्यापुरतीच राहिली, आणि स्पीअर्स तर विवाहित, दोन मुलांचा बाप होता. साध्या शिपायाचा मूळ पगार दिवसाला एक शिलिंग होता. आठवड्याचे हे सात शिलिंग पौंडाच्या निम्म्याहूनही कमी भरतात, म्हणजे चार पौंड मिळवणाऱ्या खेळाडूच्या दृष्टीने उत्पन्नात अकरा पटींहून मोठी घट. तथापि त्याला हुतात्म्याच्या चौकटीत बसवण्याची घाई करू नये. खेळाडू आणि सैनिक दोघेही पगारीच होते, फरक इतकाच की सैनिकाच्या पगाराला कोणी धंदेवाईक म्हटले नाही. आणि ज्याच्या प्रत्येक स्थलांतरासाठी संघाची संमती लागे, त्याच्या आयुष्यात भरती हा बहुधा कोणत्याही मालकाला न विचारता घेतलेला दुर्मीळ निर्णय होता.

सैन्यातही वर्गरेषा पुसली गेली नव्हती. शौर्यासाठी अधिकाऱ्यांना मिलिटरी क्रॉस मिळे, तर इतर दर्जांच्या सैनिकांसाठी 1916 मध्ये मिलिटरी मेडल हे वेगळे पदक सुरू झाले. स्पीअर्सला 1917 मध्ये हे मिलिटरी मेडल मिळाले आणि तो सार्जंटही झाला. त्याच वर्षी 20 ऑगस्टला, पासशेंडालच्या चिखलातील लढाईत, वयाच्या 31 व्या वर्षी तो मारला गेला. बेल्जियममधील डॉची फार्म येथे युद्धानंतर रणभूमीवरील विखुरलेले मृतदेह आणून केलेल्या दफनभूमीत त्याची कबर आहे. तेथील चौदाशेहून अधिक कबरींपैकी सुमारे दोन तृतीयांश निनावी आहेत. स्पीअर्सच्या कबरीवर नाव आहे.